पाणी फिरल्यावर

"माझा नवरा हाय ना तुमच्या शिनेमात," मासेवाली म्हणाली आणि बोईटाचं डोकं तिनं कोयत्याच्या एका घावात वेगळं केलं.

हरिहर चहाचा कप घेऊन मागच्या पडवीत उभा होता. आदल्या संध्याकाळी डोंबिवलीच्या वाचनालयात त्याचं व्याख्यान झालं होतं, आणि ठाण्याला परत न जाता तो बहिणीकडेच राहिला होता. रविवारची सकाळ होती. जानेवारीचं ऊन अजून अंगाला हवंसं वाटत होतं, आणि शेजारच्या विहिरीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. प्रमोदिनी पायरीवर बसून मासे निवडत होती. "हा माझा भाऊ, शेवंती. सिनेमे काढतो, रहस्याचे," असं तिनं कौतुकानं सांगितलं, तेव्हा मासेवालीनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं होतं.

"तुझा नवरा नट आहे की काय गं?" प्रमोदिनीनं हसून विचारलं.

"नट कनाला असंल, ताई? कोलशेतचा कोळी. हे साहेब आमच्या खाडीवर शिनेमा काढाला आलते, तेव्हा नटाचा कोट घालून त्यानंच होडी हाकलेली. पाठमोरा दिसतो." मग ती हरिहरला म्हणाली, "वळखलं नाय ना मना? मी विश्रामची. बाराव्याला तुमी घरी आलते."

हरिहरच्या तोंडातला चहाचा घोट तोंडातच राहिला. तो गिळायला हवा एवढंही त्याला काही वेळ सुचलं नाही.

"घरात त्याचा एक फोटू पन नाय," शेवंती सांगत होती, अर्धं प्रमोदिनीला, अर्धं त्याला. "कल्याणला तंबूत साहेबांचा शिनेमा लागलेला, तेव्हा सहा वेळा बघितला मी. होडीचं येतं तेवढं बघाचं नि उठून याचं. मोठे उपकार झाले तुमचे, साहेब." ती हसली. हसताना तिचा रापलेला चेहरा एकदम तरुण दिसला; आणि तिचं वय फार तर सव्वीस-सत्तावीस असणार हे हरिहरच्या लक्षात आलं.

"हो, हो," तो म्हणाला. "बरं चाललंय ना तुझं?" आणि उत्तराची वाट न बघता कप ठेवण्याच्या निमित्तानं तो आत गेला. स्वयंपाकघरात कप ठेवून तो तिथंच ओट्यापाशी उभा राहिला. बाहेर प्रमोदिनी हळहळत होती. "अगं बाई, गेला कधी तो? कसा गं?" त्यावर शेवंतीचा आवाज आला, भाव सांगावा तसा सरळ: "खाडीत गेला, ताई. सहा वर्षं झाली. नशीब."

नशीब. काल संध्याकाळी तासभर हरिहर ह्याच एका शब्दावर बोलला होता. फक्त तो त्याला नियती म्हणत होता. सभागृह भरलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मागे उभी असलेली मुलं. तो म्हणाला होता की खून कोणी केला हा प्रश्न म्हणजे रहस्य नव्हे, तो पोलिसांचा प्रश्न झाला. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, कधीकधी पडद्यावरच्या माणसालाही ठाऊक असतं, आणि तरीही तो माणूस एकेक पाऊल टाकत तिकडेच चालत जातो. ते बघताना आपला श्वास जो अडकतो, त्याला मी रहस्य म्हणतो. इथं तो थांबला होता. ह्या वाक्यानंतर थांबायचं असतं हे त्याला अनुभवानं कळलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. अध्यक्षस्थानी बसलेल्या निवृत्त हेडमास्तरांनी कुठल्याशा मासिकातलं वाक्य वाचून दाखवलं होतं: ह्या दिग्दर्शकाच्या चित्रपटांत गुन्हेगार कोणीच नसतो, गुन्हेगार असते ती नियती. ते वाक्य हरिहरला पाठ होतं. ते छापून आलं तेव्हा त्यानं ते सुहासिनीला वाचून दाखवलं होतं, आणि ती कणीक मळतामळता म्हणाली होती, "छान लिहिलंय. पण मग तुरुंग कशाला बांधले म्हणते मी?" तो हसला होता. बायकोच्या बोलण्यावर लेखक-कलावंत हसतात तसा.

पाच चित्रपट झाले होते. एकातला पोस्टमास्तर स्वतःच्याच मरणाची तार नकळत स्वतःच्या घरी पोचती करतो. एकातली नर्स विषाची बाटली वेळेवर बदलते, पण कोणीतरी ती आधीच एकदा बदललेली असते, आणि म्हणून तिच्या हातून मरण येतं. लोक खिळून बसत. बाहेर पडताना गप्प असत. माणूस कितीही धडपडला तरी व्हायचं ते होतंच, हे त्यांना थिएटरच्या अंधारात पटे, आणि पटल्यावर त्यांना बरं वाटे. हरिहरनं हे थिएटरच्या दारात उभं राहून पाहिलं होतं. लोकांचे खांदे सैल झालेले असत. आपल्या हातात काही नव्हतं, ह्यासारखा दिलासा नाही. हा दिलासा सगळ्यांत आधी कोणी विकत घेतला होता, हे मात्र त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, पण उत्तर येण्याच्या आत तो दुसऱ्या कामाला लागत असे.

प्रमोदिनीनं त्या दिवशी बोईटाचं कालवण केलं. तो जेवला. चांगलं झालंय म्हणाला. पंगतीत बसलेल्या मेव्हण्यांना कालच्या टाळ्यांविषयी सांगितलं. आणि घास तोंडात नेताना त्याच्या मनात आलं की कोयता, मासा आणि शेवंतीचं ते पहिलं वाक्य, हा प्रवेश किती चांगला आहे. चित्रपटाची सुरुवात अशी करता येईल. हे मनात आलं मात्र, आणि कान तापले. मेव्हण्यांनी विचारलं, तिखट झालंय का? तो हो म्हणाला.

कोलशेतची ती संध्याकाळ त्याला अशी तुकड्यातुकड्यांनीच आठवत असे, कारण सलग आठवायची त्यानं स्वतःला सवय लावली नव्हती. पन्नास साल. त्याचा पहिला चित्रपट. पळून जाणारा नायक संध्याकाळच्या उजेडात खाडी ओलांडतो, एवढाच प्रवेश होता. नायकाचं काम करणाऱ्या नटाला पाण्याची भीती वाटत होती, म्हणून त्याच्यासारखे खांदे असलेला माणूस शोधला, तो विश्राम. त्याला नायकाचा लोकरीचा लांब कोट चढवला आणि पायांत बूट. बुटांच्या नाड्या हरिहरनं स्वतः वाकून बांधल्या, कारण विश्रामला त्या बांधता येत नव्हत्या. तो लाजून हसत होता, साहेब पाया पडताय का काय, म्हणत होता. बायको दिवा गावी माहेरी गेलेली, तिनं बघितलं असतं तर पोट धरून हसली असती म्हणाला. दोनदा होडी गेली आणि आली. दोन्ही वेळा विश्रामनं ती इतकी सहज नेली की पळून जाणारा माणूस वाटेचना. संध्याकाळी घरी जाणारा कोळी वाटे. मग पाणी फिरलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. विश्राम काठावर चिखलात उभा राहून पाण्याकडे बघत म्हणाला, "साहेब, भरती लागली. उधाणाचं पानी हाय. आता वळणावर धार लागंल, तिथं जाळ्यांचे खुंट हायेत. उद्या काढू." हरिहर म्हणाला, "उद्या हा उजेड मिळणार नाही." विश्राम म्हणाला, "मंग कोट तरी काढतो. नि ह्ये बूट." हरिहर म्हणाला, "कोट काढलास तर मग तू कोण? एकदाच. शेवटचं." आणि विश्राम गेला. मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा, ह्या भिडेनं तो गेला, हे हरिहरला तेव्हाही कळत होतं. त्या भिडेवरच त्यानं भिस्त ठेवली होती.

वळणावर होडी खुंटाला अडली आणि आडवी झाली. कॅमेरा चालू होता. विश्रामचे खांदे एकदम ताठ झाले, त्यानं एक हात वर केला, आणि त्या क्षणी हरिहरच्या मनात आलेला पहिला शब्द होता, 'वा!' त्याला तो शब्द स्पष्ट आठवतो. भीती नंतर आली, ओरडणं नंतर आलं, दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या तेही नंतर. आधी वा आला. बाकी सगळं कोणाला सांगता आलं असतं, पण हा शब्द कोणाला सांगणार? तिसऱ्या दिवशी प्रेत काठच्या तिवरांच्या झाडीत मिळालं, अंगात कोट तसाच. पोलीस पाटलानं विचारलं तेव्हा हरिहरच सगळ्यांच्या वतीनं बोलला. आमचं काम संपलं होतं. कोट त्याला फार आवडला होता. परत करायच्या आधी एकदा मिरवून येतो म्हणाला आणि आपणहून होडी घेऊन गेला. आम्ही नको म्हणत होतो. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर सुहासिनीनं हेच विचारलं, आणि त्यानं तिलाही हेच सांगितलं. त्यानंतर ते खोटं आहे हे लक्षात ठेवणं जड जाऊ लागलं. बाराव्याला तो कोलशेतला गेला. विश्रामची आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर जमिनीवर बसून तो म्हणाला, "आई, लिहिलेलं कोणाला टळत नाही. ह्यात कोणाचा दोष नाही." बोलताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि वाक्य बरं आहे असंही वाटलं. पुढे दोन महिन्यांनी त्यानं चित्रपटाचा शेवट बदलला. नायक सुटतो असं मूळ लिहिलेलं होतं. आता तो खाडीत बुडू लागला. तिसऱ्या वेळचं चित्रण हात वर होईपर्यंत ठेवलं, आणि पुढे नुसतं पाणी. लोकांनी त्याच प्रवेशाची सगळ्यात जास्त तारीफ केली.

आणि शेवंतीनं तो सहा वेळा पाहिला होता.

त्या आठवड्यात हरिहर नौपाड्यातल्या आपल्या खोलीत टेबलाशी बसून राहिला. सहाव्या चित्रपटाचा शेवट लिहायचा होता. दादरहून निर्मात्याचा निरोप येऊन गेला. शेवटच्या प्रवेशात एक म्हातारा न्यायाधीश म्हणणार होता की मी कोणालाच शिक्षा देऊ शकत नाही. हरिहरनं ते वाक्य लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसला. मंगळवारी त्यानं ठरवलं की डोंबिवलीला जायचंच नाही. बुधवारी वाटलं, प्रमोदिनीच्या हाती निरोप पाठवावा. पण निरोप काय? गुरुवारी वाटलं की सांगून त्या बाईचं काय भलं होणार आहे. तिला बिचारीला सहा वेळा बघून समाधान मिळालंय, ते आपण का हिरावून घ्यावं? हा विचार इतका शहाणपणाचा आणि दयाळू होता की त्याला जवळजवळ शांत झोप लागली. शुक्रवारी सकाळी दाढी करताना त्याला कळलं की बाराव्याला कोलशेतला जाताना वाटेत त्यानं हाच विचार ह्याच शब्दांत केला होता. तेव्हा म्हातारीच्या समाधानासाठी, आता शेवंतीच्या. सुहासिनीनं दारातून विचारलं, "तुमचं बिनसलंय काय?" "डोकं दुखतंय," तो म्हणाला. ती तेलाची बाटली आणून टेबलावर ठेवून गेली. तेवढ्यानंही त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी बारा वाजता तो डोंबिवलीच्या मासळीबाजारात उभा होता. शेवंतीची पाटी रिकामी झाली होती आणि ती फळी धूत होती. त्याला बघून ती म्हणाली, "उशीर केलात, साहेब. जिताडा होता आज." त्याला थोडं बोलायचं आहे म्हटल्यावर तिनं हात पुसले, आणि बाजाराच्या मागे चिंचेखाली एक दगड होता त्यावर ती बसली. तो उभाच राहिला. त्यानं उजेडापासून सुरुवात केली. नायक पाण्याला घाबरत होता, पहिल्या चित्रपटाच्या वेळी माणसावर किती दडपण असतं, असं काहीतरी तो बोलत राहिला. शेवंती ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, सरळ सांगा."

तेव्हा त्यानं सरळ सांगितलं. भरती लागली असं तो म्हणाला होता. उद्या काढू म्हणाला होता. कोट काढतो म्हणाला होता. मी पाठवला. नंतर जे सांगितलं ते सगळं खोटं होतं. आणि सिनेमात जी होडी आहे ती तीच, शेवटची. वा हा शब्द मात्र त्यानं सांगितला नाही. जीभ तिथवर गेली आणि परत आली.

शेवंतीच्या मनगटावर माशाचे खवले चिकटले होते. ती ते नखानं एकेक काढत राहिली. पलीकडे कोणीतरी बर्फ फोडत होतं. मग तिनं विचारलं, "म्हंजे तंबूत मी बघत आली, तो त्याचा जातानाचा?"

"हो."

"सहा वेळा," ती म्हणाली. मग पुन्हा, स्वतःशीच, "सहा वेळा. हात वर करतो ते नाटकच समजली, नि बघून खुशीत घरी याची मी."

"तू मला काय वाटेल ते बोल," हरिहर म्हणाला. "शिव्या दे. मी ऐकून घेईन."

"तुमाला शिव्या दिल्या तर तुमाला बरं वाटंल. माझं काय?" तिनं हे रागानं म्हटलं नाही, खरंच विचारल्यासारखं म्हटलं. "बाराव्याला तुमी म्हातारीला काय बोललात ते ध्यानात हाय तुमच्या?"

"आहे. लिहिलेलं टळत नाही. कोणाचा दोष नाही."

"तुमी बोललात नि गेलात. म्हातारी बसली विचार करत. लिहिलेलं, पन कोनाच्या कपाळी? पोराला तर भगतानं साठ वर्षं सांगितलेली. मंग ह्ये कोनाचं लिहिलेलं घरात शिरलं? आठ महिन्यांमागं कोन आलं घरात? तेराव्या दिवशी तिनं माझं बोचकं बाहेर ठेवलं. बोलली, तुझ्या कपाळानं खाल्ला माझा पोर. ह्या अंगनात पाय टाकू नको. तवापासून मी दिव्याला, भावाच्या दारात. मीठ-भाताला नाय म्हनत नाय भाऊ, पन सकाळी कामाला निघताना माझं तोंड नको दिसाला, म्हनून वहिनी मना आधी बाहेर पाठवते." ती थांबली. "तुमी बोललात कोनाचा दोष नाय. पन दोष असा अधांतरी राहतो का, साहेब? तो कुठं ना कुठं जाऊन बसतोच."

हरिहर चिंचेच्या बुंध्याला हात लावून उभा राहिला. त्याला वाटलं होतं की आपण एक माणूस गमावला आणि एक खोटं बोललो; त्या खोट्यानं फार तर आपलंच काही कुजवलं असेल. त्याच्या पाचही चित्रपटांत नियती आकाशात कुठंतरी असे, सगळ्यांना सारखीच लांब. ती एका पोरीच्या कपाळावर जाऊन बसेल, तिला रोज पहाटे भावाच्या घराबाहेर काढील, हे त्याच्या कुठल्याही पटकथेत आलं नव्हतं. त्यानं विचारलं, "मग मागच्या रविवारी तू उपकार झाले म्हणालीस ते?"

"तो दिसतो म्हनून बोलली. बाकीचं तुमी मुद्दाम थोडंच केलंय असं वाटलेलं." ती उठली. पाटी तिनं काखेत घेतली. "चला."

"कुठं?"

"कोलशेतला. म्हातारी जिती हाय अजून. मना सांगितलंत ते तिला सांगा."

"पुढच्या रविवारी मी टॅक्सी घेऊन—"

"आत्ता," शेवंती म्हणाली.

ठाणे स्टेशनपर्यंत ते वेगवेगळ्या डब्यांतून आले आणि तिथून टांगा केला. ती मागे बसली, पाटी मांडीवर धरून, आणि तो पुढे टांगेवाल्याशेजारी. हरिहर मनात वाक्यं जुळवत होता. जुळलेलं प्रत्येक वाक्य चांगलं होतं, आणि चांगलं आहे हे कळताच तो ते टाकून देत होता. म्हातारीसमोर गुडघ्यांवर बसावं का? नको, तेव्हा बसलो होतो. रडू आलं तर? येऊ द्यायचं नाही. आपण अजूनही प्रवेश बसवतो आहोत, हे त्याला कळत होतं. पण मन दुसरं कुठलं काम शिकलेलंच नव्हतं. बाळकुमच्या पुढे खाडीचा वास आला. सहा वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता. ठाण्यात राहून माणूस कोलशेत इतकी वर्षं टाळू शकतो.

घर तेच होतं. कुडाची भिंत, पुढे सारवलेलं अंगण, कडेनं कुंपणासारखी निवडुंगाची वई. वईपाशी शेवंती थांबली. "ह्याच्या पुढं मना याचं नाय," ती म्हणाली. "तुमी जावा. मी हितून ऐकते."

विश्रामची आई ठमाबाई अंगणात बसून सुकलेला जवळा निवडत होती. फार वाळली होती, पण हात भराभर चालत होते. तिनं डोळ्यांवर तळहात धरून बघितलं आणि ओळखलं. "शिनेमाचे साहेब ना? या. बसा. पानी देते." ती उठू लागली. हरिहर म्हणाला, "पाणी नको, आई. आधी ऐका." तेवढ्यात तिची नजर वईकडे गेली आणि चेहरा बदलला. "तिला कनाला आनलीत? तिला सांगा जा म्हनून."

"मला तिनंच आणलंय," हरिहर म्हणाला. जुळवलेलं काहीच त्याला आठवेना. "आई, मी तेव्हा खोटं बोललो. विश्राम आपणहून गेला नव्हता. भरती लागली, आता नको, असं तो म्हणाला होता. मी त्याला जायला लावलं. ह्यात नशीब कोणाचं नव्हतं. हिचं तर नव्हतंच. मी पाठवला म्हणून तो गेला."

म्हातारीचे हात जवळ्यात थांबले. तिला ऐकू आलं की नाही असं त्याला वाटू लागलं, पुन्हा सांगावं म्हणून तो पुढे सरकला, तशी ती म्हणाली, "कोट?"

"काय?"

"कोटासाठी गेला असं बोलतात सगले. कोट मिरवाला गेला नि मेला. गावात कोना पोरानं नवा सदरा घातला तरी बोलतात, विश्राम होशील. मीच बोलली किती वेळा. मेल्याला मीच शिव्या दिल्या, कोटाची हाव सुटली म्हनून." तिनं मान वर केली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता. दुसरा मात्र त्याच्यावर रोखलेला होता. "कोट त्याला पायजे होता का?"

"नको होता," हरिहर म्हणाला. "काढतो म्हणाला होता. बूटही काढतो म्हणाला. मी काढू दिला नाही. त्याला कोटाची हाव नव्हती, आई. ते मी सांगितलं होतं."

ठमाबाईनं जवळ्याचं सूप बाजूला सारलं. उठायला तिनं जमिनीला हात टेकला. हरिहर आधार द्यायला वाकला, तर तिनं त्याचा हात नुसता बाजूला केला, फांदी बाजूला करावी तसा. ती हळूहळू चालत वईपर्यंत गेली. शेवंती पाटी छातीशी धरून उभी होती. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मग म्हातारी म्हणाली, "कोट काढतो बोललेला गो माझा पोर," आणि तिनं शेवंतीच्या दंडाला धरून तिला अंगणात ओढलं. पाटी खाली पडली. म्हातारीनं हंबरडा फोडला. तिच्यापाठोपाठ शेवंतीनंही फोडला. मेल्या घरी पहिल्या दिवशी उठतो तसा तो आकांत होता. सहा वर्षं ह्या घरात हाव सुटलेला एक माणूस मेलेला होता, आणि विश्राम आज गेला होता.

हरिहर अंगणाच्या मधोमध उन्हात उभा होता. आपल्याला कोणी मारावं, निदान हाकलून तरी द्यावं, असं त्याला फार वाटत होतं. पण त्या दोघींना तो तिथं आहे ह्याचंच भान नव्हतं. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याच्याकडे इतकं पूर्ण दुर्लक्ष कधी झालं नव्हतं. आणि वा हा शब्द अजून त्याच्यापाशीच होता. हरिहर आता तो शब्द कोणाला सांगणार नव्हता, कारण सांगून फक्त त्याचं ओझं हलकं झालं असतं. तेवढं तरी आपल्याजवळ राहावं असं त्यानं ठरवलं. एवढं एकच गेल्या सहा वर्षांत त्यानं नियतीला मध्ये न घालता ठरवलं असेल.

रडणं ऐकून आजूबाजूच्या घरांतून माणसं धावत आली. एक बाई हंडा डोक्यावर तसाच घेऊन आली. जाळं विणत बसलेला एक म्हातारा जाळ्यासकटच आला. दोघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या म्हाताऱ्यानं अंगणातल्या परक्या माणसाला विचारलं, "काय झालं? कोन गेलं?"

"विश्राम," हरिहर म्हणाला.

म्हाताऱ्याला कळेना. "विश्राम? ठमाबाईचा? त्याला सहा वर्षं झाली, साहेब."

"तो आपणहून गेला नव्हता," हरिहर म्हणाला. "मी पाठवला होता त्याला."

वईपाशी आणखी माणसं येत होती. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. ती एकमेकांना विचारत होती, कोण गेलं, कसं झालं. तेव्हा हरिहर त्यांच्याकडे वळला आणि त्यानं ते पुन्हा, थोडं मोठ्यानं, सांगितलं.